मी भिकाजी, गडग्यार

"वयनी, तां डोक्यावरचा टोपलां काढ आणि ओढ दोरी! चाराक पालखी उठता आणि तू हय नटत बसलंस!"

अनंता पाखाडीच्या वळणावर उभा राहून ओरडत होता. अंगात मुंबईची जीन्स, मनगटाला भलंमोठं घड्याळ, आणि दर दोन मिनिटांनी ते घड्याळ तो आम्हाला दाखवत होता. मी माझी तयारी चालूच ठेवली. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट केला, जाळीचा पडदा डोळ्यांवर ओढला, पायांवर बांधलेल्या जाड पट्ट्यांची बकलं चाचपली. हातातल्या चेनसॉच्या चेनचा ताण पाहिला. बोटाने उचलली तर जराशी उचलली जायला हवी, लोंबायला नको. मग डावा अंगठा हँडलच्या खालून नीट वळवून घेतला आणि त्याला म्हटलं, "अनंतभावोजी, माका पाय दोनच आसत. मुंबैक तुमच्याकडे जादा असले तर धाडून द्या, मगे काढतंय हे पट्टे."

बायका खो खो हसल्या. अनंताने घड्याळाकडे पाहिलं.

दोन वाजायला आले होते. मार्चचं ऊन, घामाने सदरा पाठीला चिकटलेला, आणि तरी मला इतकं छान वाटत होतं की सांगता सोय नाही. तीन दिवसांत आम्ही सहा जणांनी सव्वाशे पायऱ्या रानातून बाहेर काढल्या होत्या. आता फक्त एक झाड उरलं होतं.

ही पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. दोन्ही अंगांना गडगे, म्हणजे दगडावर दगड रचलेल्या कमरेएवढ्या भिंती. खाली गावची साण, जिथे शिमग्यात आई जुगाईची पालखी बसते, आणि वर आमची आठ उंबऱ्यांची वरची वाडी. पूर्वी पालखी याच वाटेने नाचत वर यायची आणि प्रत्येक दारात थांबायची. मग खालून डांबरी रस्ता झाला, आठातल्या पाच घरांना कुलपं लागली, पाखाडीवरून जाणारे पाय कमी झाले आणि रानाने डाव साधला. रानमोडी, घाणेरी, करवंदीच्या जाळ्या. डोक्यावर भारा घेतलेली बाई तिरकी होऊन कशीबशी जाईल एवढीच फट राहिली. त्यात दोन वर्षांपूर्वीच्या वादळात वळणावरची किंजळ आडवी झाली. आम्ही तिच्या खालून वाकून जायचो. पण देवीची पालखी वाकवून नेत नाहीत. पालखी जाईल ती ताठ जाईल, नाही तर जाणारच नाही.

ती आली नाही त्याला बारा वर्षं झाली होती. मला या घरात सून म्हणून येऊन अकरा. आमच्या वाडीच्या बायका खाली साणेवर जाऊन ओटी भरून यायच्या, मीही जायचे. पण देवी आपल्या दारात येते आणि आपण उंबऱ्यात उभं राहून तिची ओटी भरतो, हे मी नुसतं ऐकून होते. दरवर्षी शिमग्याला ढोल खालच्या खाली वाजून पुढच्या वाडीला निघून जायचा आणि मी सारवलेल्या अंगणात उभी राहून ऐकायचे. फार चीड यायची. कोणाची, ते मात्र कळायचं नाही.

त्या वर्षी गावच्या बैठकीत मानकऱ्यांनी सांगून टाकलं, की पालखीची वाट आता कायमची ठरवून टाकायची. "बुधवारी चार वाजता पालखी उठेल. पाखाडी मोकळी दिसली तर वर जाईल. नाही दिसली तर रस्त्याने पुढे, आणि यापुढे दरवर्षी तशीच." दोन्ही बाजूंच्या जमिनी मुंबईच्या भाऊबंदांच्या. त्यांच्यातल्या एकेकाचा फोनवरून होकार मिळवण्यातच रविवार उजाडला. सोमवारी सकाळी आम्ही वाटेला भिडलो.

आमच्या बचत गटाकडे तेव्हा एक गवत कापायचं मशीन होतं आणि एक चेनसॉ. काजूच्या बागा साफ करून द्यायचं काम आम्ही घ्यायचो. चेनसॉ चालवायचं पाच दिवसांचं शिक्षण गटातून मी एकटीने घेतलं होतं. शिकवणारे शिर्केसर बारीक अंगाचे, हळू बोलणारे, आणि त्यांच्या डाव्या हाताला बोटं साडेतीन. ती कशी गेली हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, त्यामुळे पुढचे चार दिवस कोणी चुळबूळ केली नाही. चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या टोकाने कापायचं नाही, मशीन उसळी मारतं. खांद्याच्या वर न्यायचं नाही. आधी आपली पळायची वाट मोकळी करायची, मग झाडाला हात लावायचा. आणि दर कापाआधी सगळ्यांना हाक मारायची. एक माणूस कमी पडला तर मशीन चालू करायची दोरी ओढायची नाही.

त्या हाकेचीच ही गोष्ट आहे.

सोमवारी पहिल्याच घाणेरीपाशी मी मोठ्याने विचारलं, "सगळी मागे सरलात काय?"

"व्हय म्हाराजा!"

आवाज भिकाआप्पांचा. माझे चुलतसासरे, वय सत्तरीच्या घरातलं, उजवा गुडघा कामातून गेलेला. बाकीचे सगळे आधी हसले आणि मग त्यांनीही सूर धरला, "व्हय म्हाराजा!" आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक जण देवाला सांगत जातो आणि प्रत्येक वाक्यामागे सगळे मिळून असं म्हणतात. पालखी अंगणात आली की आमच्या वाडीतर्फे गाऱ्हाणं घालायचा मान आप्पांचा. बारा वर्षं पालखी नाही, म्हणून बारा वर्षं गाऱ्हाणं नाही. गुडघ्यामुळे साणेवर उतरणंही बंद झालेलं. पण शब्द विसरू नयेत म्हणून ते रोज तिन्हीसांजेला गोठ्यात जाऊन बैलांपुढे गाऱ्हाणं घालायचे. बैलांना ते पाठ झालं असणार. यंदा पालखी वर आली नाही तर मात्र ते गोठ्यातच राहणार होतं, आणि हे वाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मला ती हाक फार आवडली. कंटाळवाणा नियम गाणं होऊन बसला. मी विचारायचं, "सगळी मागे?" आणि पाच गळ्यांनी गर्जायचं, "व्हय म्हाराजा!" की मी कानांवरचे आवाज अडवणारे गोळे खाली ओढायचे आणि मशीन लावायचं. आपण शिर्केसरांच्याही एक पाऊल पुढे गेलो, असं वाटून मी मनातल्या मनात फुशारून गेले होते.

तीन दिवस असे गेले. मी मशीनवर. सुलभाकाकी दोरी घेऊन माझ्या मागे, तिची नजर सतत वर. पार्वती आणि मंदा तोडलेलं ओढून बाजूला टाकायला. अनंता शिमग्यासाठी मुंबईहून आलेला, तो हातात कोयता आणि तोंडात सल्ले घेऊन. आणि आप्पा गडग्यावर बसून आम्हाला रान समजावून सांगायला.

"गो दर्शना, त्या करवंदीक मुळात घाल. वयसून कापशीत तर परत फुटता."

"दर्शना, ता कुड्याचा पोर बघ कसा वाकलाहा. त्याच्या म्होरे उभी रवा नको."

तो कुडा एका पडलेल्या फांदीखाली दबून धनुष्यासारखा वाकला होता. अनंता म्हणाला, "हेका काय भिवचा? येक घाव!" आणि कोयता उगारून निघालासुद्धा. मी त्याच्या सदऱ्याचा शेव धरून त्याला मागे ओढलं. बाजूला उभी राहून वाकाच्या आतल्या अंगाने हळूहळू, थोडं थोडं कापत गेले. तिसऱ्या कापाला तो असा काही सुटला की त्याच्या शेंड्याने गडग्यावरचे दोन दगड पार वाटेवर आणून टाकले. अनंताने ते दगड पाहिले, मग स्वतःच्या हनुवटीवरून हात फिरवला.

"मुंबैक असा झाड नसता," तो म्हणाला.

"थय झाडच खंय असता?" सुलभाकाकी म्हणाली.

असं चाललं होतं. घाणेरीचा तो उग्र वास, पेट्रोलचा वास, ओल्या भुशाचा वास, आणि एकेक पायरी उजेडात येत होती. एका पायरीवर कोणीतरी फार पूर्वी कोरलेली पावलं निघाली. मंदाने ती पदराने पुसली आणि म्हणाली, "बघा, आईन आपली खूण ठेवली हुती." तेव्हा आम्हा सगळ्यांनाच वाटलं, की ही आता येणारच.

तर बुधवारी दोन वाजता ती किंजळ उरली होती.

तिची मुळं वरच्या अंगाच्या गडग्यावर उचकटून आलेली. बुंधा पाखाडीवर छातीएवढ्या उंचीवर आडवा. शेंडा खालच्या अंगाच्या गडग्यावरून पलीकडे उतारावर लोंबलेला, आणि तिकडे पानांची, वेलींची इतकी दाटी की दोन हातांवरचं दिसू नये. दोन कापांत मधला तुकडा काढायचा होता. पहिला काप खालच्या गडग्याजवळ. तो झाला की शेंड्याकडचा भाग उतारावर घसरून जाणार. दोन्ही टोकांना टेकलेलं लाकूड आधी वरून थोडं कापायचं आणि मग खालून, नाही तर ते पट्टी चावून धरतं. माझी पळवाट वरच्या पायऱ्यांकडे मोकळी होती. सगळं ठरल्याप्रमाणे होतं.

मंदा मधेच पाणी आणायला गेली, ती येईपर्यंत मी चेनला कानस मारून घेतली. अनंता म्हणाला, "तीनाक धा कमी." पार्वती म्हणाली, "खाली ढोल तापवतत." ऐकलं तर खरंच, साणेवरून एकेक टिपरी पडत होती. मंदा आली. मी बुंध्यापाशी उभी राहिले.

"सगळी मागे सरलात काय?"

"व्हय म्हाराजा!"

कानांवर गोळे ओढले. दोरी ओढली. वरून काप घातला, चांगला वीतभर खोल, भुसा पिवळाधमक उडाला. मग गुडघ्यावर बसले आणि पट्टी खालून लावली. चेन लाकडात शिरली, दोन बोटं, तीन बोटं. वर लाकडाने पहिला करकर आवाज केला, तो कानांत नाही, हातांत कळला.

आणि तेवढ्यात मला काहीतरी खुपलं.

सगळ्यांचा आवाज माझ्या मागून आला होता. पण त्यातला सगळ्यांत मोठा आवाज, तीन दिवस माझ्या डाव्या कानामागे गडग्यावरून येणारा आवाज, या खेपेला समोरून आला होता.

बोट थ्रॉटलवरून सुटलं. मनगटाने पुढचा ब्रेक ढकलला, पट्टी बाहेर काढली, मशीन बंद केलं. कान मोकळे केले. रान एकदम गप्प झालं.

"आप्पा!"

"व्हय म्हाराजा!"

गडग्यापलीकडून, उतारावरून, लोंबलेल्या शेंड्याच्या बरोबर खालून.

खालून घातलेली चीर बोटभर उघडली होती आणि माझ्या डोळ्यांदेखत केसाकेसाने उघडत होती. गडग्यावर वाकून पाहिलं तेव्हा पानांत आप्पांचा लाल पंचा दिसला. मनगटाएवढ्या जाड गारंबीच्या वेलीवर त्यांचा कोयता चालला होता.

"आप्पा, भायर येवा! आत्ताच्या आत्ता!"

"पाय अडाकलो हा गो. आणि ही येल..."

"येल ऱ्हवांदे!"

"ओरडा नको, इलंय..." आणि त्यांनी पाय ओढला तशी वेल हलली, वेलीबरोबर शेंडा हलला, आणि बुंधा पुन्हा करकरला.

"हलू नकात!" मी किंचाळले. "कोणी कसलो हात लावू नकात. पार्वती, मंदा, मेढी! मांडवाच्या दोन मेढी आणा, जाड बघून!"

वर आप्पांच्या आणि आमच्या सामाईक अंगणात पालखीसाठी मांडव घालायचं चाललं होतं. त्या दोघी ज्या वेगाने त्या पायऱ्या चढल्या तसं मी पुन्हा कोणाला चढताना पाहिलं नाही. सुलभाकाकीने दोरी बुंध्याला दोन वेढे देऊन शेजारच्या ऐनाच्या खोडाला आवळली. दोरी सतारीच्या तारेसारखी ताठ झाली. मेढी आल्या. एक चिरेच्या या बाजूला, एक त्या बाजूला, खाली चपटे दगड सरकवून आम्ही बुंध्याला टेकू दिले. मी चिरेत बोट धरून बघत राहिले. ती उघडायची थांबली होती.

"आता कोण तरी..." मी म्हणेपर्यंत अनंता गडग्यावरून पलीकडे गेलासुद्धा. मुंबईची जीन्स काट्यांत फाटल्याचा आवाज आला. तो आप्पांच्या पायाशी बसला आणि आम्ही वरून ऐकत राहिलो.

"काका, कोयतो माझ्याकडे द्या."

"तुका जमाचा नाय."

"काका, द्या म्हणतंय ना!"

तीन घाव बसले. मग गडग्यावर आधी एक सुरकुतलेला हात आला, मग लाल पंचा, आणि आम्ही चौघींनी मिळून आप्पांना पाखाडीवर ओढून घेतलं. त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "पानी दी गो कोणतरी."

मी हेल्मेट काढून पायरीवर ठेवलं. आणि मग जे आलं तो निव्वळ राग होता. चुलतसासरे असोत की कोणी असोत.

"तुमी थय कित्याक गेलात?"

"येल तोडूक. ती तोडल्याबिगर..."

"आणि थयसून व्हय म्हणालात? मी विचारलंय, मागे सरलात काय. तुमी झाडाखाली बसान व्हय म्हणालात!"

आप्पा गोंधळले. खरंच गोंधळले. "अगो, सगळी म्हणतत तेव्हा तोंडातसून आपोआपच येता."

"आजपासून तुमचा व्हय म्हाराजा बंद!"

सुनेने सासऱ्याला चारचौघांत असं बोलणं हे एक. आणि ज्याने बारा वर्षं बैलांपुढे तेवढंच जपलं, त्याला ते बंद म्हणून सांगणं, हे आणखी. खालून ढोल आता सलग वाजायला लागला होता. आप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. त्यांचे डोळे भरले होते की त्यांत घाम गेला होता, मला कळलं नाही.

"मगे काय म्हणू?" त्यांनी विचारलं.

मलाही तेव्हाच सुचलं. "तुमचा नाव सांगा. आणि खंय उभे आसात तां सांगा. येकेकान. सगळ्यांनी मिळान नाय."

ते उठले, अनंताच्या खांद्याचा आधार घेऊन वरच्या गडग्यावर आपल्या जागी जाऊन बसले.

"मी भिकाजी," ते म्हणाले. "गडग्यार."

"मोठ्यान."

"मी भिकाजी, गडग्यार!"

मग त्यांनी हाताने वर दाखवलं. "आता माझा येक आयक. ती गारंबी खंय गेली हा बघ."

मी पाहिलं. उतारावरून निघालेली ती वेल किंजळीला विळखा घालून आमच्या डोक्यावरच्या ऐनाच्या वाळक्या फांदीत गुंतली होती. शेंडा घसरला असता तर वेलीने ती फांदी ओढून सरळ आमच्या टाळक्यात आणली असती. तीन दिवस मी खालचं बघत होते, सुलभाकाकी वरचं बघत होती, आणि दोहोंना बांधणारी वेल एकट्या आप्पांना दिसली होती. शिर्केसरांच्या पाच दिवसांत गारंबी आलीच नव्हती.

"तोडलात तां बरा केलात," मी म्हटलं. "पण माका सांगान तोडूची हुती."

"तां खरा," आप्पा म्हणाले. भांडण तिथे संपलं.

अनंताने घड्याळ पाहिलं. मी म्हटलं, किती? तो म्हणाला, "सोड गो वयनी. पालखी थांबात, नाय तर जाईत. तू घाई करू नको." तीन दिवसांत तो पहिल्यांदा असं बोलला. मग तो पायऱ्या उतरून पळाला, मानकऱ्यांना सांगायला.

आम्ही वेलीची उरलेली टोकं सोडवली, काकीने दोरी ढिली केली. मेढी काढायच्या आधी मी उतारावर स्वतः जाऊन पाहून आले. मग पुन्हा जाळी, पुन्हा पट्टे, पुन्हा अंगठा.

"कोण खंय?"

"मी सुलभा, तुझ्या मागे, सातव्या पायरेर!"

"पार्वती, तिच्या वर!"

"मंदा, पार्वतीच्या हाताक धरान!"

खालून, वळणाच्या पलीकडून, "अनंत, खालती! हय कोण नाय, वाट मोकळी!"

आणि डाव्या कानामागून, जिथून यायला हवा तिथून, "मी भिकाजी, गडग्यार!"

मशीन लागलं. खालून चार बोटं, पाच, आणि किंजळ धाडकन तुटून उतारावर घसरत गेली, काटक्या मोडत, धूळ उडवत, पार ओहोळापर्यंत. आम्ही ओरडलो. पुन्हा नावं, पुन्हा दुसरा काप, आणि मधला तुकडा पायरीवर बदकन पडला. पहारीने रेटून आम्ही तो गडग्याकडेला लोटला. मी मान वर केली तर खाली वळणापर्यंत आणि वळणापासून वर आमच्या मांडवापर्यंत एक सरळ, उघडी, लाल वाट होती. अकरा वर्षांत मी तिचं वरचं आणि खालचं टोक एकाच वेळी कधी पाहिलं नव्हतं.

मग ढोल वळणावर आला. आधी ढोलवाले, मग अबदागिरी, मग पालखी. आम्ही गडग्याला पाठ लावून उभ्या राहिलो. किंजळ जिथे होती तिथे खांदेकरी क्षणभर थबकले, सवयीनेच मान वाकवायला गेले, आणि वर नुसतं आभाळ आहे हे बघून हसत सुटले. पालखी ताठ गेली. हेल्मेटच्या जाळीतून मला देवीचे रुपे, म्हणजे चांदीचे मुखवटे, दिसले, आणि तेव्हा कुठे मला आठवलं, की अरे, ओटीचं ताट अजून भरायचंय! मशीन काकीच्या हाती देऊन मी त्या पायऱ्या दोन दोन करत चढले.

अंगणात पालखी टेकली. आप्पा नारळ घेऊन पुढे झाले. पंच्याला वेलीचा चीक लागलेला, पोटरीवर रक्त वाळलेलं, आणि आवाज असा खणखणीत की कुलूप लावलेल्या पाचही घरांत गेला असेल.

"बा आई जुगाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज बारा वर्सांनी तू तुझ्या लेकरांच्या दारात इलंस म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि आप्पा थांबले. सगळ्यांना वाटलं, विसरले. बैलांपुढे वेगळं असतं. पण ते गर्दीत कोणाला तरी शोधत होते, आणि मी दारात सापडल्यावर म्हणाले, "असा मेंढरासारखा व्हय म्हणू नकात. आई विचारता, माझी लेकरां सगळी हत काय? येकेकान नाव सांगा. खंय उभी तां सांगा."

"भिकाजी, अशी रीत नाय," मानकरी म्हणाले.

"आजपासून आसा."

पहिली सुलभाकाकी बोलली. आमच्याकडे गाऱ्हाण्यात बायका तोंड उघडत नाहीत, तरी ती बोलली. "मी सुलभा, तुळशीकडे!" मग पार्वती, मग मंदा. फाटक्या जीन्समधला अनंता म्हणाला, "मी अनंत, काकांच्या मागे." लोक आधी हसले, मग गप्प होऊन ऐकायला लागले. एकेक नाव देवीपुढे जाऊन पडत होतं. माझी पाळी आली तेव्हा हातात ताट होतं, केसांत भुसा होता आणि मी नुसती पालखीकडे बघत राहिले. आप्पा थांबले. एक माणूस कमी होता.

"मी दर्शना," मी म्हटलं. "माझ्या उंबऱ्यात."

त्याला नऊ वर्षं झाली. पालखी त्यानंतर एकदाही चुकली नाही. आणि आमच्या वाडीचं गाऱ्हाणं अजून तसंच घालतात. बाकीच्या वाड्या आम्हाला हसतात, आणि शिमग्यात मुद्दाम ऐकायलाही येतात.

तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात आप्पा गेले. त्याच्या पुढच्या शिमग्यात गाऱ्हाणं अनंताने घातलं. त्याने नावं पुकारायला सांगितली आणि अंगणातून एकेक नाव आलं, तुळशीकडून, मांडवाच्या मेढीकडून, माझ्या उंबऱ्यातून. सगळी झाली. शेवटचं नाव दरवर्षी आप्पांचं असायचं, गडग्यावर जाऊन तिथून पुकारलेलं. आता अनंताने पुढे म्हणायचं होतं, पण त्याला म्हणवेना. ढोलवाल्याने टिपरू उचललं आणि तसंच धरून ठेवलं. नियम मीच वाडीत आणलेला होता, एक आवाज कमी असला तर काम पुढे जायचं नाही. सगळी वाडी पाखाडीच्या तोंडाशी असलेल्या गडग्याकडे बघत उभी राहिली आणि पालखी खोळंबली.

मग मी उंबरा ओलांडून अंगणात आले.

"भिकाजी," मी जेवढ्या मोठ्याने म्हणता येईल तेवढ्या मोठ्याने म्हटलं, "गडग्यार!"

ढोल वाजला आणि पालखी उठली.